पातंजल योगसूत्रांचं पुस्तक घेताना काय तपासायचं

मूळ सूत्रं १९५. ती चार पादांत, म्हणजे प्रकरणांत, विभागलेली: समाधिपादात ५१, साधनपादात ५५, विभूतिपादात ५५ आणि कैवल्यपादात ३४. मोठ्या टायपात छापली तरी दहा-बारा पानांत बसतात. मग नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानात 'पातंजल योगसूत्रे' म्हणून हातात आलेलं पुस्तक चारशे पानांचं असेल, तर उरलेली पानं कोणाची, हे पैसे मोजायच्या आधी बघायला हवं. ती व्यासभाष्याची (सूत्रांवरच्या जुन्या विस्तृत टीकेची) असतील, भोजराजाच्या वृत्तीची (थोडक्यातल्या टीकेची) असतील किंवा अनुवादकाच्या प्रवचनांची असतील. तिन्हींना जागा आहे. फक्त कुठलं वाक्य कोणाचं, हे पानावरच कळलं पाहिजे. सूत्र कुठे संपलं, जुनी टीका कुठे सुरू झाली आणि अनुवादक स्वतःच्या मनाचं कुठून बोलू लागला, या सीमा जे पुस्तक स्वच्छ राखतं ते विश्वासाचं. जे सगळं एकात कालवतं ते भाषा कितीही रसाळ असली तरी अभ्यासाला घेऊ नये.

वर्षभर आसनं-प्राणायाम केले की सूत्रं वाचावीशी वाटतात, आणि नेमकं तेव्हाच चुकीचं पुस्तक हाती पडलं तर पुढची कित्येक वर्षं पतंजलींच्या नावावर भलतंच पाठ होतं. म्हणून हा खटाटोप.

सूत्र एकटं का पुरत नाही

सूत्रं पाठ करण्यासाठी रचलेली आहेत. त्यांत बहुतेक ठिकाणी क्रियापद नसतं, मागच्या सूत्रातला शब्द पुढे गृहीत धरलेला असतो. दुसरंच सूत्र घ्या: 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः'. याचा अर्थ 'चित्ताच्या सर्व वृत्ती थांबवणे म्हणजे योग' असा छापलेला सर्रास सापडतो. वृत्ती म्हणजे इथे चित्तात उठणारे व्यापार. सूत्रात 'सर्व' हा शब्द नाही. तो का नाही, हे व्यासभाष्य तिथल्या तिथे सांगतं: 'सर्वशब्दाग्रहणात् संप्रज्ञातोऽपि योग इत्याख्यायते'. म्हणजे 'सर्व' म्हटलेलं नसल्यामुळे संप्रज्ञात समाधीलाही योगच म्हणायचं. संप्रज्ञात समाधीत चित्त एका आलंबनावर, म्हणजे ध्यानाच्या विषयावर, टिकलेलं असतं, तिथे वृत्ती पूर्ण संपलेल्या नसतात. अनुवादकाने 'सर्व' घुसडलं की ही समाधी योगाच्या व्याख्येबाहेर जाते, आणि पहिल्या पादातला मोठा भाग अधांतरी लोंबकळतो. एक शब्द वाढवल्याने एवढं नुकसान होतं.

उलट प्रकारही होतो. 'पतंजलींनी चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध' हे वाक्य भाषणांत आणि पाठ्यपुस्तकांत नेहमी येतं. ही यादी सूत्रांत कुठेच नाही, ती पहिल्या सूत्रावरच्या भाष्यात आहे. यादी खोटी नाही, पण ती कोणी दिली हे पुस्तकाने सांगायला हवं.

भाष्यकार 'व्यास' म्हणजे महाभारतकार व्यास, असं परंपरेत मानलं जातं. आधुनिक संशोधकांना ते पटत नाही. फिलिप मास या जर्मन अभ्यासकाने २००६ मध्ये हस्तलिखितं ताडून समाधिपादाची चिकित्सक आवृत्ती काढली. सूत्रं आणि भाष्य ही एकाच ग्रंथकाराची एकसंध रचना असावी आणि तिचा काळ इसवी सनाचं चौथं ते पाचवं शतक असावा, असं त्याचं मत आहे. सगळ्यांनी ते स्वीकारलेलं नाही. वाचकाच्या दृष्टीने दोन्ही बाजूंनी निष्कर्ष एकच निघतो: भाष्याशिवाय सूत्रांचा अर्थ लावू नये. भाष्य अजिबात न देणारं पुस्तक ओळख करून घ्यायला चालेल, आधार म्हणून चालणार नाही.

टीकाकार कोण आणि कोणाचा कल कुठे

सगळ्या टीका सारख्या नाहीत, आणि सगळ्या एकाच कामाच्याही नाहीत.

वाचस्पतिमिश्रांची 'तत्त्ववैशारदी' ही भाष्यावरची टीका आहे. भाष्यातला अवघड शब्द धरून ती पुढे जाते. वाचस्पतींनी न्याय, सांख्य, वेदांत अशा वेगवेगळ्या दर्शनांवर लिहिलं, आणि ज्या दर्शनावर लिहिलं त्याची भूमिका प्रामाणिकपणे मांडली. म्हणून योगाच्या बाबतीत त्यांचं बोट धरून चालणं सुरक्षित.

धारानगरीच्या भोजराजाची 'राजमार्तंड' ही वृत्ती अकराव्या शतकातली. ती आटोपशीर आहे, थेट सूत्रावर आहे, आणि नव्या वाचकाला संस्कृतातून वाचायला सगळ्यांत सोपी. तिच्या सुरुवातीला भोजाने आधीच्या टीकाकारांना चांगलंच झोडपलं आहे: 'दुर्बोधं यदतीव तद्विजहति स्पष्टार्थमित्युक्तिभिः'. जे फार अवघड असतं ते 'अर्थ स्पष्ट आहे' म्हणून सोडून देतात, आणि जे सोपं असतं त्यावर फापटपसारा मांडतात, ही त्याची तक्रार. हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार आजच्या पुस्तकांनाही जशीच्या तशी लागू पडते. तिच्यातून एक उत्तम परीक्षाही मिळते, ती पुढे येतेच.

विज्ञानभिक्षूंचं 'योगवार्तिक' सोळाव्या शतकातलं. सांख्य, योग आणि वेदांत यांचा मेळ घालायचा हा त्यांचा ध्यास, आणि तो टीकेत जागोजागी दिसतो. वाचस्पतींशी त्यांचे मतभेदही आहेत. पुरुषाचं, म्हणजे शुद्ध चैतन्याचं, प्रतिबिंब बुद्धीत पडतं, इथे वाचस्पती थांबतात. बुद्धीचंही प्रतिबिंब पुरुषात पडतं, असं विज्ञानभिक्षू म्हणतात. एखाद्या मराठी पुस्तकात हे दुसरं मत विनानाव 'पतंजलींचं मत' म्हणून आलेलं असेल, तर लेखकाने विज्ञानभिक्षूंचा आधार घेतला आहे आणि तसं सांगितलेलं नाही, हे ओळखता येतं.

याशिवाय शंकराचार्यांच्या नावावर असलेलं 'विवरण' आहे. ते १९५२ मध्ये मद्रासहून छापलं गेलं, आणि ते आद्य शंकराचार्यांचंच का, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. नागोजीभट्टांची वृत्ती, रामानंद सरस्वतींची 'मणिप्रभा', सदाशिवेंद्रांची 'योगसुधाकर' ही नावं पुढे कधीतरी लागतील. विसाव्या शतकातले हरिहरानंद आरण्य मात्र लवकर वाचावेत. त्यांनी भाष्यावर 'भास्वती' ही संस्कृत टीका लिहिली, बंगालीत विस्तृत विवेचन केलं आणि त्याचा इंग्रजी अनुवादही उपलब्ध आहे. स्वतः सांख्ययोगाची साधना करणारा माणूस भाष्याची ओळ न् ओळ सोडवतो आहे, हा योग फार थोड्या पुस्तकांत जुळून येतो.

मराठी वाचकाची खास अडचण

आपण पतंजलींकडे कोऱ्या मनाने जात नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं कुंडलिनीचं वर्णन कानावर असतं, हरिपाठ असतो, अद्वैताचे संस्कार असतात. मराठीत लिहिणाऱ्या टीकाकाराचंही तेच. त्यामुळे योगसूत्रांच्या मराठी विवेचनात कुंडलिनी, षट्चक्रं, इडा-पिंगळा हमखास शिरतात. ज्ञानेश्वरांचा योग नाथपरंपरेचा, आणि १२९० सालच्या त्या ग्रंथाची थोरवी निराळी सांगायला नको. पण योगसूत्रांत 'कुंडलिनी' हा शब्द एकदाही येत नाही. विभूतिपादात 'नाभिचक्र' आणि 'कूर्मनाडी' येतात, तेवढेच. सहा चक्रांची मांडणी तिथे नाही. दोन परंपरांची तुलना करणारा लेखक तसं लिहून करत असेल तर वाचकाचा फायदा आहे. एकीचं दुसरीच्या तोंडी घालणारा मात्र दोन्हींचं नुकसान करतो.

दुसरी खूण पहिल्याच पानावर सापडते. 'योग म्हणजे जीवात्म्याचं परमात्म्याशी मिलन' असं वाक्य असेल तर सावध व्हा. भाष्य पहिल्या सूत्रावर दोन शब्दांत सांगतं: 'योगः समाधिः'. वाचस्पती पुढे स्पष्ट करतात की इथे जोडण्याच्या अर्थाचा 'युजिर्' धातू नाही, समाधीच्या अर्थाचा 'युज' धातू आहे. भोज तर मंगलाचरणातच पुरुष आणि प्रकृती (जड सृष्टीचं मूळ) यांच्या वियोगाला योग म्हणतो. शेवटचं सूत्र (४.३४, म्हणजे चौथ्या पादातलं चौतिसावं) कैवल्याची, म्हणजे मोक्षाची, व्याख्या करतं, त्यात गुणांचं आपल्या कारणात परत जाणं आणि चितिशक्तीचं (चैतन्याचं) स्वतःच्या रूपात राहणं एवढंच आहे. कोणाशी एकरूप होणं नाही. हस्तलिखितांच्या समाप्तिवाक्यात ग्रंथ स्वतःला 'सांख्यप्रवचन' म्हणवतो. तेव्हा पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांख्यदर्शनाची, निदान पंचवीस तत्त्वांची आणि तीन गुणांची ओळख नसेल, तर पायाच घातलेला नाही असं समजावं. ईश्वरकृष्णांची सांख्यकारिका आधी वाचून घेतली तर उत्तमच. सत्तरेक कारिकांचा छोटा ग्रंथ आहे, आणि त्याने पुढच्या सहा महिन्यांची बचत होते.

तिसरी अडचण शब्दांची. संस्कृत शब्द मराठीत तसाच वापरता येतो, म्हणून अनुवादक तो उचलून ठेवतो आणि वाचक त्याला आजचा अर्थ लावतो. 'विकल्प' म्हटलं की आपल्याला पर्याय आठवतो, सूत्रात (१.९) ते शब्दाने निर्माण झालेलं पण ज्याला वस्तूचा आधार नाही असं ज्ञान आहे. तिसऱ्या पादातला 'धर्म' म्हणजे वस्तूचा गुणविशेष. 'वितर्क' तर ग्रंथातच दोन अर्थांनी येतो: १.१७ मध्ये स्थूल आलंबनावरचं चिंतन, २.३३ मध्ये हिंसादी विचार. चांगला अनुवादक शब्द तसाच ठेवला तर पहिल्यांदा येतो तिथे त्याचा अर्थ देतो, आणि अर्थ बदलला की पुन्हा सांगतो. हे दोन 'वितर्क' उघडून बघा, अनुवादकाची काळजी लगेच कळते.

दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा

दहा मिनिटं पुरतात. पहिलं सूत्र उघडू नका, तिथे सगळेच मन लावून लिहितात.

आधी मुद्रणशुद्धी. १.८ काढा: 'विपर्ययो मिथ्याज्ञानमतद्रूपप्रतिष्ठम्'. संधी सोडवताना 'अतद्रूप'मधला 'अ' गळून 'तद्रूप' छापलं असेल तर अर्थ उलटा झाला. मग २.२२: 'कृतार्थं प्रति नष्टमप्यनष्टं तदन्यसाधारणत्वात्'. इथेही एक 'अ' गेला की वाक्य निरर्थक होतं. या दोन ठिकाणी चूक असेल तर पुस्तक मूळ पाठासाठी भरवशाचं नाही. 'पुरुषा', 'शौचा', 'प्रत्याहारा' असे शेपटीला काना लागलेले शब्द दिसले तर मजकूर रोमन लिपीतून परत देवनागरीत आला आहे. 'मनाच्या फेरफारांवर नियंत्रण' अशी भाषा असेल तर तो बहुधा इंग्रजी अनुवादाचा अनुवाद. अशा पुस्तकाला संस्कृतचा स्पर्शच झालेला नसतो, मग मुखपृष्ठावर ॐ कितीही मोठा असो.

नंतर प्रामाणिकपणा. २.४० मध्ये शौचाचं फळ सांगितलं आहे: 'शौचात् स्वाङ्गजुगुप्सा परैरसंसर्गः'. स्वतःच्या शरीराविषयी घृणा आणि इतरांच्या शरीराशी संसर्ग नको वाटणं. आजच्या वाचकाला हे टोचतं, म्हणून काही अनुवादक 'शरीराविषयी अनासक्ती आणि आरोग्य' असं गुळगुळीत करून टाकतात. तसं करणारा माणूस इतर ठिकाणीही आपल्या सोयीने बदल करणार. जे आहे ते लिहून खाली आपलं स्पष्टीकरण देणारा अनुवादक निवडा. विभूतिपादही चाळा. सिद्धींची सूत्रं अडचणीची वाटतात म्हणून तो पाद दोन-चार पानांत गुंडाळलेला असतो.

आता मुख्य परीक्षा, आसनाची. २.४६ 'स्थिरसुखमासनम्' सगळ्यांना ठाऊक असतं. भाष्य तिथे पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, सोपाश्रय, पर्यंक अशी नावं देतं. ध्यानाला दीर्घकाळ टिकायच्या स्थितींचा हा विचार आहे. पुढचं सूत्र २.४७ फारसं कोणी बघत नाही: 'प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्'. प्रयत्न सैल केल्याने आणि 'अनंता'च्या ठायी चित्त तद्रूप झाल्याने आसन सिद्ध होतं. हा अनंत कोण? वाचस्पती म्हणतात, नागांचा नायक शेष, ज्याने आपल्या अत्यंत स्थिर हजार फण्यांवर पृथ्वीमंडल धरलं आहे. म्हणजे स्थैर्याचं ध्यान. भोजाच्या वृत्तीत पाठच 'आनन्त्य' असा आहे, आणि तो आकाशासारख्यांच्या अमर्यादपणावर चित्त लावायला सांगतो. म्हणजे विस्ताराचं ध्यान. साधना करणाऱ्याला हा फरक प्रत्यक्ष जाणवणारा आहे: एकात शरीर जड, पक्कं, न हलणारं होतं, दुसऱ्यात शरीराची कड विरल्यासारखी होते. चांगलं पुस्तक इथे पाठभेद देतं, दोन्ही अर्थ कोणाचे ते सांगतं आणि मग आपण कोणता स्वीकारला व का, हे लिहितं. 'अनंत परमेश्वराचे चिंतन करावे' एवढं एक वाक्य टाकून पुढे जाणारं पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही.

शेवटी भोजाची परीक्षा: अवघड जागी लेखक थांबतो की पळतो? ३.१३ उघडा, 'एतेन भूतेन्द्रियेषु धर्मलक्षणावस्थापरिणामा व्याख्याताः'. बदल होतो म्हणजे नेमकं काय बदलतं, हा प्रश्न इथे आहे, आणि भाष्य त्यावर लांबलचक वाद घालतं. त्यात एक दृष्टांत येतो: एकच रेघ शतकस्थानी शंभर, दशकस्थानी दहा आणि एककस्थानी एक होते, एकच स्त्री आई, मुलगी आणि बहीण म्हटली जाते. वस्तू तीच, संबंध बदलला की नाव बदलतं. अंकांच्या स्थानमूल्याचा हा जुना उल्लेख गणिताच्या इतिहासकारांनाही महत्त्वाचा वाटतो. ज्या पुस्तकात १.२ वर सहा पानं आणि ३.१३ वर चार ओळी आहेत, ते भोजाने वर्णन केलेल्या जातीचं. कैवल्यपादातलं ४.१४ ते ४.१६ हेही असंच बघून घ्यावं. बाह्य वस्तू चित्तापासून स्वतंत्र आहे का, हा बौद्ध विज्ञानवादाशी (वस्तूला चित्तावेगळं अस्तित्व न मानणाऱ्या मताशी) झालेला वाद तिथे आहे, आणि तो न सांगता ती सूत्रं समजणं शक्य नाही.

क्रमांक जुळत नाहीत तेव्हा

दोन पुस्तकं शेजारी ठेवली की विभूतिपादात क्रमांक घसरतात. 'न च तत्सालम्बनं तस्याविषयीभूतत्वात्' हे काही जण सूत्र मानतात, काही भाष्यातलं वाक्य. 'एतेन शब्दाद्यन्तर्धानमुक्तम्' याचंही तसंच. हे दुसरं धरलं की एकूण सूत्रं १९६ होतात. म्हणून 'नाभिचक्रे कायव्यूहज्ञानम्' एका आवृत्तीत ३.२९ तर दुसरीत ३.३०. चौथ्या पादात 'न चैकचित्ततन्त्रं वस्तु' हे ४.१६ भोजाच्या वृत्तीत सूत्र म्हणून येत नाही, तिथून पुढे पुन्हा एकाचा फरक. घाबरू नका. टिपण काढताना क्रमांकासोबत सूत्राचे पहिले दोन शब्द लिहा. मागे अकारानुक्रमे सूत्रसूची असलेलं पुस्तक त्यासाठीच घ्यावं. आपण कोणता पाठ धरला हे प्रस्तावनेत सांगितलेलं नसेल, तर तो दोषच.

कोणती पुस्तकं, कुठे बघायची

मूळ संस्कृतासाठी पुण्याच्या आनंदाश्रमाची ग्रंथावलीतली ४७ क्रमांकाची प्रत अजूनही कामाची आहे. काशीनाथशास्त्री आगाशे यांनी ती १९०४ मध्ये संपादित केली. भाष्य आणि तत्त्ववैशारदी एकत्र, भोजवृत्ती स्वतंत्र. मुंबई संस्कृत मालेत राजारामशास्त्री बोडस यांची १८९२ ची आवृत्ती आहे, तिच्या १९१७ च्या आवृत्तीत वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी नागोजीभट्टांची वृत्तीही जोडली. सहा टीका एकत्र हव्या असतील तर काशी संस्कृत मालेतलं १९३० चं ढुंढिराजशास्त्रींचं संपादन. ही जुनी पुस्तकं आर्काइव्ह डॉट ऑर्गवर स्कॅन केलेली मिळतात. उतरवून घेतल्यावर पानांचे आकडे सलग आहेत का ते आधी बघा, मधली पानं गहाळ असलेल्या प्रती पुष्कळ फिरतात. यंत्राने ओळखलेला मजकूर तर मुळीच वापरू नका, त्यात अवग्रह ('ऽ' ही खूण) आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

नागपूरकरांना हिंदी परकी नाही, त्याचा फायदा घ्यावा. भाष्यासह अभ्यासाला सुरेशचंद्र श्रीवास्तव यांचं 'योगसिद्धि' व्याख्येचं पातंजलयोगदर्शन नेमकं आणि शिस्तीचं आहे. गीताप्रेसची दोन पुस्तकं गल्लत करून घेतली जातात: हरिकृष्णदास गोयंदकांचं 'पातंजलयोगदर्शन' छोटं, सूत्रार्थापुरतं, स्वामी ओमानंदतीर्थांचं 'पातंजलयोगप्रदीप' मोठं, त्यात भाष्याबरोबर हठयोगाच्या क्रिया आणि इतर दर्शनांची चर्चाही आहे, तेव्हा काय कुठून आलं हे बघत वाचावं लागतं. मराठीत कृष्णाजी केशव कोल्हटकरांचं 'भारतीय मानसशास्त्र अथवा सार्थ आणि सविवरण पातंजल योगदर्शन' हे मोठं काम. लेखकाचा दृष्टिकोन नावातच उघड आहे, आणि ते चांगलंच आहे. विवेकानंदांचा 'राजयोग' (इंग्रजी मूळ १८९६) नागपूरच्या रामकृष्ण मठाने मराठीत काढला आहे, धंतोलीत सहज मिळतो. तो पाश्चात्त्य श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानांतून आलेला आहे, प्राण आणि कुंडलिनीवरची प्रकरणं त्यात आहेत, सूत्रांचा अनुवाद मोकळा आहे. प्रेरणेसाठी जरूर वाचा. एखाद्या सूत्राचा नेमका अर्थ ठरवायला त्याच्याकडे जाऊ नका. इंग्रजी चालत असेल तर जेम्स वुड्स यांचा १९१४ चा अनुवाद भाष्य आणि वाचस्पती दोन्ही देतो, भाषा मात्र खडकाळ आहे. एडविन ब्रायंट यांचं २००९ चं पुस्तक जुन्या टीकाकारांची मतं नावानिशी सांगतं, म्हणून तुलनेला सोयीचं.

विकत घेण्यापूर्वी ग्रंथालयात बसून ताडून बघणं केव्हाही चांगलं. नागपूर विद्यापीठाचं ग्रंथालय आणि रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय या दोन जागा संस्कृतच्या दृष्टीने महत्त्वाच्या. टीकाकाराचं नाव अनोळखी वाटलं तर नागपूरच्याच श्रीधर भास्कर वर्णेकरांनी संपादित केलेला 'संस्कृत वाङ्मय कोश' उघडा. त्याचा एक खंड ग्रंथकारांचा आणि एक ग्रंथांचा, त्यामुळे नाव कुठल्याही बाजूने शोधता येतं.

वाचायचं कसं

पहिल्या फेरीत भोजवृत्तीवर आधारलेला साधा अर्थ घेऊन चारही पाद सलग संपवा. रोज दोन सूत्रं धरली तरी सव्वातीन महिन्यांत होतात. दुसऱ्या फेरीत भाष्य. वहीच्या पानाचे तीन उभे भाग करा: सूत्र पदच्छेद करून (संधी सोडवून शब्द सुटे लिहून), भाष्य काय म्हणतं, हातातला अनुवादक काय म्हणतो. तिसऱ्या रकान्यातलं जे पहिल्या दोन्हींत सापडत नाही त्याखाली रेघ मारा. पंधरा-वीस सूत्रांनंतर त्या रेघांवरून अनुवादकाचा कल आपोआप दिसू लागतो. टीकाकारांत मतभेद असेल तर दोन्ही नावं लिहून ठेवा, लगेच निवाडा करायची घाई नको. पुष्कळदा पुढचं एखादं सूत्र निकाल देतं.

प्राणायामाच्या सूत्रांबाबत मात्र जास्त सावध राहायला हवं, कारण तिथली चूक वहीत राहत नाही, छातीत उतरते. पूरक (श्वास घेणं), कुंभक (रोखणं), रेचक (सोडणं) यांचं १:४:२ हे प्रमाण सूत्रांत नाही, व्यासभाष्यातही नाही. २.५० प्राणायाम देश, काल आणि संख्या यांनी पारखायला सांगतं, ठरावीक आकडा देत नाही. त्याआधीच्या २.४९ ची सुरुवात 'तस्मिन् सति' अशी आहे, म्हणजे आसन सिद्ध झाल्यावर. हे दोन शब्द अनुवादात गळले असतील तर ग्रंथाने घातलेली अटच गळली. पुस्तकात दीर्घ कुंभकाचे आकडे पतंजलींच्या नावावर दिसले, तर ते सोडून द्या आणि कुंभक समोर बसून शिकवणाऱ्याकडूनच शिका. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास रोखू नका.